उरलेला कुंदा, पुरण आणि पाक: घरच्या फ्रीजरमध्ये कुल्फी कशी जमवावी

बेळगावात पाहुणा आला की कुंदा, आणि पाहुणा निघाला की पुन्हा कुंदा. पुण्या-मुंबईला जाणाऱ्याच्या पिशवीत या दुधाच्या मिठाईचा अख्खा डबा जातो. घरी फोडलेला मात्र अर्ध्यावर येऊन थांबतो. तीन-चार दिवसांत तो फ्रीजमध्ये कडक होतो, आणि मग जो तो दार उघडतो, बघतो आणि दार लावतो. होळीनंतरच्या वाटीभर पुरणाचं तेच, कार्य झालेल्या घरात उरलेल्या गुलाबजामच्या पाकाचंही तेच. हे टाकण्यासारखं नाही आणि तसंच संपण्यासारखंही नाही. याची कुल्फी उत्तम होते, फक्त कशाची होते आणि कशाचा दगड होतो हे आधी ओळखता आलं पाहिजे.

ओळखायची खूण एकच: उरलेल्या पदार्थात मोकळं पाणी किती आहे? गाईच्या दुधात साधारण 87 टक्के पाणी असतं. नुसतं दूध-साखर साच्यात ओतलं तर त्या पाण्याचे मोठे स्फटिक होतात आणि कुल्फी कचाकचा लागते. दूध आटलं की पाणी कमी होतं. साखरेमुळे उरलेलं पाणी शून्याच्या खाली गेल्याशिवाय गोठत नाही. स्निग्धांश आणि पिठूळपणा स्फटिकांना मोठं होऊ देत नाहीत. कुंदा म्हणजे आटलेलं दूध आणि साखर. आटवण्याची मेहनत मिठाईवाल्यानं आधीच केलेली आहे. गॅस त्याचा, कुल्फी आपली.

कुंद्याची कुल्फी

लागणारं साहित्य: सुमारे 200 ग्रॅम कुंदा, अर्धा लिटर म्हशीचं दूध, एक मोठा सपाट चमचा कॉर्नफ्लोअर. वेगळी साखर नको. यात सहा-सात लहान साचे भरतात.

1. दूध जाड बुडाच्या पातेल्यात मध्यम आचेवर आटवायला ठेवा. साधारण 350 मिलीलिटर उरलं पाहिजे. कडेला धरलेली साय उलथन्यानं खरवडून परत दुधात ढकलत राहा. कुल्फीचा खरा ऐवज तोच.

2. कॉर्नफ्लोअर थोड्या गार दुधात गुठळी न राहता कालवा, उकळत्या दुधात घाला आणि दोन-तीन मिनिटं ढवळा. ते शिजलं नाही तर पिठाची चव राहते.

3. गॅस बंद करून निम्मा कुंदा हातानं कुस्करून घाला. गरम दुधात तो विरघळतो, दुधाला फिका तपकिरी रंग येतो आणि खरपूस वास सुटतो.

4. पातेलं आधी गार पाण्याच्या परातीत आणि मग तास-दोन तास फ्रीजमध्ये ठेवा. पूर्ण गार झालं की उरलेला कुंदा घालून एकदाच हलवा. मिक्सर अजिबात लावू नका. कुंद्याची कणी दाताखाली आली पाहिजे, नाहीतर ती कुठल्याही दुकानातली मावा कुल्फी होते.

5. आता चाखा. ते प्यायला जरा जास्तच गोड वाटलं पाहिजे, कारण थंडीनं जिभेला गोडी कमी लागते. कमी वाटलं तर चमचाभर पिठीसाखर घाला.

6. साच्यात वर बोटभर जागा सोडून भरा, कारण गोठताना पाणी फुगतं. तोंड फॉइलनं बंद करा. नाहीतर वर बर्फाचे काटे येतात आणि फ्रीजमधल्या कांद्या-लसणीचा वास कुल्फीला लागतो. सहा ते आठ तास हलवू नका.

मिश्रण गार करूनच आत ठेवायचं, याचं कारण वेगळं सांगतो. जितकं झटपट गोठेल तितके स्फटिक बारीक. कोमट साचा आत गेला की फ्रीजरच गरम होतो आणि सगळं रेंगाळतं. त्यातून एकदारी जुना फ्रीज असेल तर त्याचा कप्पा फारसा थंड नसतो. आदल्या रात्रीच बटण सगळ्यात थंडवर न्या आणि साचे मागच्या भिंतीला टेकवून ठेवा. साचे विकत आणायलाच हवेत असं नाही. स्टीलचे छोटे पेले चालतात, इडलीपात्र तर फारच छान: खळगे उथळ असल्यामुळे कुल्फी लवकर धरते आणि लहान मुलांना एक चकती पुरते. काढताना साचा नळाच्या पाण्यात पाच-सहा सेकंद बुडवा, त्याहून जास्त नको.

वर पेरायला गोकाकचा करदंट बघा. डब्याच्या तळाला उरलेले, दातांना दाद न देणारे तुकडे खलबत्त्यात कुटून घातले की गूळ, डिंक आणि सुका मेवा एकदमच येतो. पिस्त्याचे काप विकत आणण्याची गरज राहत नाही.

पुरण

पुरणात शिजलेली डाळ असते, म्हणून त्याची कुल्फी कॉर्नफ्लोअरशिवाय मऊ होते. भानगड फक्त गुळाची: गरम दुधात गूळ गेला तर दूध फाटू शकतं. म्हणून दोन वाट्या आटवलेलं दूध आधी पूर्ण गार करा आणि मगच त्यात वाटीभर पुरण, तीन-चार चमचे साय आणि दोन मोठे चमचे पिठीसाखर घाला. इथं मिक्सर हवाच, पुरणयंत्रातून काढलेलं असलं तरी. वेलची-जायफळ पुरणात असतंच, पण थंडीत त्याचा वास दबतो. चिमूटभर आणखी किसून घाला. ही कुल्फी मला कुंद्याच्या कुल्फीपेक्षाही उजवी वाटते. फक्त खाणाऱ्याला आधी सांगू नका, पुरण म्हटलं की पोरं नाक मुरडतात.

श्रीखंड उरलं तर काहीच करायचं नाही. चक्क्यातलं पाणी निथळलेलं आणि साखर भरपूर. वाटीत भरून तसंच गोठवा, खाण्याआधी दहा मिनिटं बाहेर काढा. आमरस मात्र नुसता ठेवला की वीट होते. त्यात साय आणि साखर घाला, दोन-तीन तासांनी अर्धवट धरल्यावर एकदा घुसळा आणि परत ठेवा. भाताचीही कुल्फी होते: बिनमिठाचा वाटीभर बासमती जाडसर वाटून अर्धा लिटर दुधात दहा मिनिटं शिजवायचा, बाकी खिरीसारखं. पण भात त्याच दिवशी लगेच फ्रीजमध्ये गेलेला असावा. रात्रभर ओट्यावर राहिलेला भात परत शिजवला तरी त्यातलं विष जात नाही, तो घेऊ नका.

गुलाबजामच्या पाकाचं जांभूळ-बर्फ

मे-जूनमध्ये खानापूर, जांबोटीकडच्या रानातली जांभळं आणि करवंदं पाट्या भरून बेळगावच्या बाजारात येतात. घरी आणली की चार दिवसांत निम्मी मऊ पडतात. ती आणि फ्रीजमधला पाक, दोघांनाही एकदमच निकालात काढता येतं.

पाक आधी फ्रीजमध्ये गार करा म्हणजे वर तुपाचा थर जमेल; तो चमच्यानं काढून पाक गाळून घ्या. वाटीभर पाक, दीड वाटी पाणी, बिया काढून कुस्करलेल्या जांभळांचा अर्धी वाटी गर, अर्ध्या लिंबाचा रस, किंचित मीठ. हे प्रमाण नीट पाळा. पाणी वाढलं तर ताटलीत दगड होतो, पाक वाढला तर रात्रभर ठेवूनही चिकट रबडीच राहते. पाक फार दाट असेल, बोटांत तार धरत असेल, तर पाणी दोन वाट्या घ्या.

स्टीलच्या पसरट ताटलीत बोटभर उंच ओता आणि फ्रीजरमध्ये ठेवा. पाऊण तासानं कडेला जांभळे काटे धरू लागतात, मध्ये अजून पातळच असतं. काट्याचमच्यानं कडेचं खरवडून मध्ये आणा. दर अर्ध्या तासानं तेच. तिसऱ्या-चौथ्या खेपेला ताटलीत पातळ काही उरत नाही, सगळा भुरभुरीत रवाळ बर्फ होतो. तो पेल्यात भरायचा, लगेच खायचा. जांभळं नसतील तर आमसुलं भिजवून त्यांचं पाणी वापरा. यात दूध मात्र घालू नका. आंबटामुळे ते फाटतं.

फ्रीजर नसेल तर

तीन भाग चुरलेला बर्फ, एक भाग जाडं मीठ. मिठामुळे बर्फ झपाट्यानं वितळतो आणि वितळताना भोवतालची उष्णता ओढून घेतो, त्यामुळे मिश्रण शून्याच्या बरंच खाली, उणे 15 च्या आसपास किंवा त्याहूनही खाली जातं. मटका कुल्फीवाल्यांची रीत हीच. साच्यांची झाकणं कणकेनं लिंपा, नाहीतर खारं पाणी आत जातं. मातीच्या मोठ्या मडक्यात बर्फ-मिठाच्या थरांत साचे पुरून वर गोणपाट टाका, अधूनमधून मडकं गदगदा हलवा. लहान साच्यांना तासाभराच्या पुढं-मागं लागतं. त्या बर्फात उघडा हात जास्त वेळ घालू नका, कातडी पोळते.

आमच्या भागात एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वळीव आला की लाइट जाणार हे गृहीत धरून चालावं. फ्रीजरचं दार उघडलं नाही तर कुल्फी काही तास टिकते. कडा मऊ झाल्या असतील आणि मधला भाग टणक असेल तर परत गोठवायला हरकत नाही, थोडी कचकचीत होईल इतकंच. पूर्ण पातळ झालेली दुधाची कुल्फी मात्र परत गोठवू नका. ती गार असेपर्यंतच पेल्यात ओता, थोडं दूध घाला आणि घरात असतील त्यांना प्यायला द्या.