डेटाशीटवर डोळे झाकून विसंबताय? या चुका टाळा

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात माझं छोटं वर्कशॉप आहे. शेतीपंपाचे टायमर आणि ऑटो स्टार्टरचे बोर्ड करतो. मागे एकदा २० बोर्डांचा लॉट उतरवला आणि एकावरचाही रिले (करंटवर ओढला जाणारा स्विच) धड ओढेना. बारीक टिक व्हायची, कॉन्टॅक्ट बसायचा नाही. हाताखालचा पोरगा म्हणाला, "मामा, कोडमध्येच घोळ हाय." दोन दिवस कोड चाळला. घोळ ट्रान्झिस्टरच्या, म्हणजे रिलेला करंट देणाऱ्या तीन पायांच्या पार्टच्या, पायांत होता; डेटाशीट (कंपनी पार्टची माहिती छापते तो कागद) मी भलत्याच पार्टची वाचली होती.

नंबर जवळपास तोच, म्हणून डेटाशीटही तीच

दुकानात ट्रान्झिस्टरच्या नंबरानं '२२२२ द्या' म्हटलं की हाताला येईल तो मिळतो. पीएन२२२२ए ची चपटी बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले, तर डावीकडून एमिटर, बेस, कलेक्टर (ही तिन्ही पायांची नावं). पी२एन२२२२ए मात्र कलेक्टर, बेस, एमिटर. दोघांच्याही डेटाशीट आपापल्या जागी बरोबर आहेत. मी एकाची वाचली आणि दुसरा बसवला.

उलटा बसलेला ट्रान्झिस्टर लगेच मरत नाही, तिथंच तो फसवतो. गेन (करंट किती पट वाढवतो तो आकडा) पार खाली येतो, रिलेच्या कॉइलला पुरेसा करंट मिळत नाही. शिवाय बेस-एमिटर जोडाला उलट दिशेनं साधारण ६ व्होल्टच झेपतात, आणि आपण तिथं १२ व्होल्ट लावून बसलेलो असतो. मल्टिमीटरला एचएफई (गेन मोजायचं) सॉकेट असेल तर लॉटमधला एक नग दोन्ही बाजूंनी घालून बघा. जिकडे आकडा शेकड्यात येतो ती बाजू बरोबर. सॉकेट नसेल तर डायोड रेंजवर बेसपासून दोन्ही पाय मोजा. दोन्हीकडे ०.६ ते ०.७ च्या आसपास येईल, त्यात किंचित जास्त दाखवणारा पाय एमिटर.

रेग्युलेटरचंही (व्होल्टेज ठरावीक ठेवणारा पार्ट) हेच. ७८०५ समोरून इनपुट, ग्राउंड, आउटपुट. धाकटा ७८एल०५ चपट्या बाजूनं आउटपुट, ग्राउंड, इनपुट. त्यात काही डेटाशीटमधलं चित्र खालून बघून काढलेलं असतं. कोपऱ्यात बारीक अक्षरात 'बॉटम व्ह्यू' लिहिलेलं असतं, ते आधी शोधा.

पहिल्या पानावरचा आकडा खरा मानणं

पहिलं पान म्हणजे जाहिरात, असं माझं मत. आयआरएफझेड४४एन या मॉसफेटवर (गेट या पायावरच्या व्होल्टेजनं चालू-बंद होणारा ट्रान्झिस्टर) ४९ अँपिअर दिसतात, पण ते केसचं तापमान २५ अंशांवर धरलं असेल तर. थ्रेशोल्ड (चालू व्हायला सुरुवात होते तो गेटचा व्होल्टेज) २ ते ४ व्होल्ट वाचून लोक तो आर्डुइनो या कंट्रोलर बोर्डाच्या ५ व्होल्टवर थेट चालवतात. तो थ्रेशोल्ड २५० मायक्रोअँपिअरला मोजलेला असतो, म्हणजे मॉसफेट तेव्हा जेमतेम डोळे उघडतोय. चालू असतानाच्या १७.५ मिलिओहम रोधाचा भरवसा गेटवर १० व्होल्ट असतानाचा. ५ व्होल्टवर काम असेल तर आयआरएलझेड४४एन घ्या. आकड्याशेजारचा 'कंडिशन' रकाना वाचायची सवय लावली तर निम्मे तंटे मिटतात.

मॉड्यूलच्या कागदावरचा पत्ता तसाच कोडमध्ये टाकणं

एलसीडीच्या आयटूसी (दोन तारांवर डेटा पाठवणाऱ्या) पट्टीचा पत्ता एका कागदावर हेक्स (सोळाच्या पायावरचा आकडा) ४ई आणि दुसऱ्यावर हेक्स २७ दिसतो. दोन्ही एकच. पहिल्यात रीड-राइटचा बिट धरलाय, दुसऱ्यात नाही. आर्डुइनोच्या लायब्ररीला २७ लागतो. पट्टीवरची चिप पीसीएफ८५७४ असेल तर पत्ता हेक्स २० ते २७ मध्ये, शेवटी 'ए' असेल तर ३८ ते ३एफ मध्ये. वाद घालण्यापेक्षा स्कॅनर स्केच (पत्ते शोधणारा छोटा कोड) चालवा, मिनिटात कळतं.

बीएमई२८० (तापमान, दाब, आर्द्रतेचा सेन्सर) म्हणून घेतलेल्या मॉड्यूलमधून आर्द्रता येत नसेल तर हेक्स डी० हे रजिस्टर (चिपमधला माहितीचा कप्पा) वाचा. हेक्स ६० आलं तर माल खरा. हेक्स ५८ आलं तर तो बीएमपी२८०, त्याला आर्द्रता मोजताच येत नाही. आमच्याकडे पावसाळ्यात हवा ओलीचिंब असते, त्यामुळे ही फसवणूक लगेच उघडी पडते.

फूटप्रिंट न तपासता पीसीबी टाकणं

फूटप्रिंट म्हणजे पीसीबीवर, छापील सर्किट बोर्डावर, पार्ट बसायची जागा. लेआउट १०० टक्के आकारात कागदावर छापा आणि पार्ट त्यावर ठेवून बघा. प्रिंटरचं 'फिट टू पेज' बंद करा. एवढंच.

डेटाशीट खरंच चुकली असेल तर

तेही होतं. मायक्रोकंट्रोलरच्या कंपन्या चुका 'इराटा' नावाच्या वेगळ्या कागदात छापतात आणि तो कागद फारसं कुणी उघडत नाही. चिपवरचं रिव्हिजन आणि इराटामधलं रिव्हिजन जुळवून बघा. साधा पार्ट असेल तर त्याच नंबरची दुसऱ्या कंपनीची डेटाशीट काढा. जिथं दोघींचं पटत नाही, तिथं ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता पार्ट खोचायचा बोर्ड) एक नग लावून मोजा. वापरलेली डेटाशीट तारखेसकट प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये ठेवा. सहा महिन्यांनी कंपनीच्या साइटवर नवी आवृत्ती आलेली असते आणि आपण कशावरून डिझाइन केलं तेच सापडत नाही.

माझ्या त्या लॉटचं नशीब एवढंच की दोन्ही ट्रान्झिस्टरांत बेस मधोमध. काढून, उलटे फिरवून पुन्हा बसवले. २० बोर्ड, ६० सांधे; डबा उघडायच्या आत काम उरकलं.