अंड्यातल्या पिल्लाला लस टोचायची आहे? मग आधी पेन्सिल आणा

अंड्यातल्या पिल्लाला लस टोचायला फार तर पाच सेकंद लागतात. तयारी मात्र अंडी इनक्युबेटरमध्ये ठेवली त्या दिवसापासून करावी लागते आणि गडबड होते तीही तिथेच. म्हणून माझ्या यादीत पहिली वस्तू लस नाही, सुईही नाही, साधी पेन्सिल आहे. प्रत्येक अंड्यावर आत ठेवल्याची तारीख आणि वेळ लिहायची. कोंबडीचं अंडं 21 दिवसांनी फुटतं. त्यात टोचायला योग्य काळ म्हणजे साडेसतरा दिवस पूर्ण झाल्यापासून जेमतेम पावणेदोन दिवस. त्याआधी टोचलं तर लस पिल्लापर्यंत पोचत नाही आणि पिल्लू दगावू शकतं. उशीर झाला तर पिल्लाने आतून कवचाला चोच मारलेली असते. पहिल्या खेपेला मी कोंबडीने घातली तशी रोज दोन-तीन अंडी आत सरकवत गेलो आणि 'अठराव्या दिवशी' सगळी एकदम काढली. त्यातली काही पंधरा दिवसांचीच होती. ती फुटली नाहीत. तेव्हापासून अंडी आठवडाभर थंड जागी जाड टोक वर करून साठवतो आणि सगळी एकाच वेळी आत ठेवतो.

लस कशावरची, हे आधी ठरवायला हवं. घरगुती पातळीवर बहुतेक वेळा प्रश्न मरेक रोगाचा असतो. पाय लुळे पडतात, एक पाय पुढे आणि एक मागे ताणून पक्षी आडवा होतो, तोच तो. 1907 साली योझेफ मारेक या हंगेरीतल्या पशुवैद्याने तो नोंदवला. त्याचा विषाणू पिसांच्या धुळीतून पसरतो, त्यामुळे मोठ्या कोंबड्या जिथे वावरतात तिथे तो पिल्लाला पहिल्या काही दिवसांतच गाठतो. अंड्यात लस दिली की पिल्लाला दोन-तीन दिवस आधी तयारी करायला मिळते, एवढाच त्यातला फायदा. हा प्रयोग 1982 साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला आणि पुढच्या दशकात मोठ्या हॅचरीत, म्हणजे अंडी उबवण्याच्या केंद्रांत, त्याची यंत्रं आली. लस या रोगात अंगात होणाऱ्या गाठी आणि लुळेपणा रोखते, विषाणूची लागण नाही. लस घेतलेला पक्षी तो विषाणू पसरवू शकतो. हे माहीत नसलं की पुढे लसीलाच बोल लावला जातो.

आता कुपी. पशुवैद्याला विचारताना एक प्रश्न नेमका विचारा: ही अंड्यात चालते का? फ्रीजमध्ये 2 ते 8 अंशांवर राहणाऱ्या भुकटीच्या अनेक कुप्या एक दिवसाच्या पिल्लाच्या कातडीखाली देण्यासाठीच असतात. हॅचरीत वापरतात ती लस जिवंत पेशींत असते आणि द्रव नायट्रोजनमध्ये, उणे 196 अंशांवर ठेवलेली असते. घरात तिचा नाद करू नका. ती कुपी वितळवताना फुटून डोळ्यात काच गेल्याची उदाहरणं आहेत. अंड्यात चालेल अशी लस मिळालीच नाही तर यादी इथेच मिटवा आणि पिल्लं बाहेर आल्यावर पहिल्याच दिवशी टोचा. त्यात कमीपणा काही नाही, उलट घरी निम्म्या वेळा मी तेच करतो.

लस मिळाली तर हिशोब करून ठेवा. अंड्यात एका पिल्लाला 0.05 मिली जाते, कातडीखाली साधारण 0.2 मिली. म्हणजे 1000 मात्रांच्या कुपीत 50 मिली द्रावक लागतो की 200, यावर सगळं अवलंबून. कातडीखालच्या मापाने पातळ करून अंड्यात 0.05 दिलं, तर पिल्लाच्या वाट्याला पाव मात्रा आली. माप कुपीबरोबरच्या कागदावर बघा आणि त्याच कंपनीचा द्रावक वापरा. कालवलेली लस तास-दोन तासांत संपवायची असते, ठेवून उद्या चालत नाही. चोवीस अंड्यांसाठी हजार मात्रांची कुपी फोडायची आणि उरलेली टाकून द्यायची, हे मनाला लागतं. पण त्याला इलाज नाही.

सिरिंज 1 मिलीची, 0.01 च्या बारीक रेघांची. इन्सुलिनची आखूड सुई इथे कामाची नाही, कारण लस पोचायला हवी ती पिल्लाभोवतीच्या पाण्यात किंवा पिल्लाच्या अंगात. हवेच्या पोकळीत सोडलेली लस वाया जाते. साधारण 25 मिमी लांबीची, 22 नंबरची सुई लागते. एका अंड्याला एक सिरिंज आणि एक सुई, शिवाय चार जास्तीच्या. कवचाला भोक पाडायला वेगळी जाड, निर्जंतुक सुई, 18 नंबरची. ती दाबायची नाही, चिमटीत धरून गिरमिटासारखी फिरवायची. भोक पडताच हाताला किंचित 'कट्' असं जाणवतं, तिथेच थांबायचं. मग बारीक सुई सरळ उभी आत. हे हाताला बसेपर्यंत वांझ अंड्यांवर सराव करा.

वांझ अंडी वेगळी काढायला टॉर्च लागेल. आदल्या दिवशी अंधाऱ्या खोलीत प्रत्येक अंडं उजेडावर धरा. अठराव्या दिवशी चांगलं अंडं जवळजवळ पूर्ण काळं दिसतं, वर फक्त हवेच्या पोकळीची पिवळसर टोपी. टोपीची कड जरा वाकडी असते आणि थोडं थांबलात तर ती हलते. कड स्थिर, आत लालसर वर्तुळ किंवा पाण्यासारखी हलणारी छाया दिसली तर अंडं बाजूला. सडक्या अंड्यात सुई घातली की आतला वायू तोंडावर येतो, आणि तीच सुई पुढच्या अंड्यात गेली तर काय, हे सांगायला नको. मळकी अंडी टोचू नका आणि ऐनवेळी धुऊही नका. ती तशीच उबवा, पिल्लू आलं की कातडीखाली द्या.

कवचाला भोक म्हणजे बुरशीला दरवाजा. म्हणून पिल्लं फुटायची पेटी आदल्या दिवशीच निर्जंतुक करून पूर्ण वाळवून ठेवा. कुबट गवत किंवा भुसा आत नको. अंड्याचं जाड टोक पुसायला 70 टक्के अल्कोहोल ठेवा, पण पुसल्यावर ते पूर्ण उडून जाईपर्यंत थांबा, कारण लस जिवंत आहे आणि ओल्या अल्कोहोलने ती मरते. टेबल इनक्युबेटरच्या शेजारी, खोली उबदार, पंखा बंद. एका वेळी सहाच अंडी बाहेर. टोचलेली सरळ पेटीत, 37 अंशांच्या आसपास आणि आर्द्रता 65 ते 70 टक्के, आणि आता अंडी फिरवायची नाहीत. जवळ एक माणूस असावा, नोंद करायला आणि दार उघडायला.

पुढच्या जागेची तयारीही आधीच हवी. लसीचा जोर यायला आठवडा-दोन आठवडे जातात, तोवर पिल्लं मोठ्या कोंबड्यांपासून वेगळ्या खोलीत. रोज आधी पिल्लांचं काम, मग मोठ्यांचं, आणि चपला वेगळ्या.

वापरलेल्या सुयांसाठी झाकणाचा जाड डबा, उरलेल्या लसीसाठी जंतुनाशकाची बादली. आणि वही. अंड्याचा नंबर, टोचल्याची वेळ, फुटलं की नाही. जे फुटलं नाही ते टाकण्याआधी परसात, तोंडाला मास्क लावून फोडून बघा. हवेच्या पोकळीत राखाडी-हिरवट लव दिसली तर दोष सुईचा नाही, पेटीचा.