स्ट्रॉबेरी अंथरण्याआधी

खुरपं हातात घेण्याआधी एक गोष्ट मनाशी पक्की करा: फळं हवीत की जमीन झाकायची आहे? दोन्ही मिळतं, पण सारख्या मापानं नाही. स्ट्रॉबेरी रनर सोडते, म्हणजे जमिनीलगत पळणाऱ्या दोऱ्यासारख्या बारीक फांद्या. फळांसाठी लावणारा त्या दिसल्या की छाटतो, कारण त्यांत झाडाची ताकद जाते. आपल्याला जमीन झाकायची आहे, म्हणून त्याच हव्यात. तेव्हा फळं मूठभर आली तर कुरकुर करायची नाही.

यावरूनच रोप कोणतं आणायचं ते ठरतं. बाजारात नेहमी दिसणारी मोठ्या फळांची स्ट्रॉबेरी हा चिली आणि व्हर्जिनिया या दोन अमेरिकी जातींचा संकर, अठराव्या शतकात फ्रान्समध्ये जमून आलेला. तीही चालते, पण वाण भरपूर रनर सोडणारा आहे ना, एवढं विचारून घ्या. नुसती जमीन झाकायची असेल तर मूळची चिली स्ट्रॉबेरी जास्त कामाची. पानं जाड, चकचकीत, रनर लांबवर जाणारे, आणि रेताड जमिनीत खूश. अल्पाइन स्ट्रॉबेरीच्या बियांचं पाकीट मात्र या कामासाठी घेऊ नका. ती बहुधा रनरच सोडत नाही, जागच्या जागी झुबका करून बसते. आणि पिवळं फूल दिसलं तर रोप परत करा. ती नकली स्ट्रॉबेरी. फळ दिसायला लालचुटूक, चवीला पाणी, आणि एकदा शिरली की हटत नाही.

जागा बघताना दिवसाचे सहा तास तरी ऊन मोजा. अर्धसावलीत पानांचा गालिचा होईल, फळं कमी. येण्याजाण्याची वाट सोडून द्या, कारण हिरवळीसारखं पायाखाली तुडवलेलं हिला सोसत नाही. मधून जायचंच असेल तर चपटे दगड लावणीआधी बसवून घ्या. जिथे अलीकडे टोमॅटो, बटाटा, वांगी किंवा मिरची होती, ती जागा तीन-चार वर्षं टाळलेली बरी. त्या पिकांवरच्या मर रोगाची बुरशी मातीत टिकून राहते आणि स्ट्रॉबेरीलाही धरते.

आता खरं काम, आणि इथे घाई केलेली सगळ्यात महागात पडते: तण. एकदा रनर एकमेकांत गुंतले की आत खुरपं घालता येत नाही. हरळीची एक कांडी किंवा लव्हाळ्याची एक गाठ राहिली, तर पुढे ती स्ट्रॉबेरीच्या मुळांतूनच डोकं वर काढते आणि उपटताना दोन्ही हातात येतात. म्हणून माती खणून गाठी वेचा, पाणी द्या, दोन-तीन आठवडे थांबा, उगवलेलं पुन्हा काढा. कंटाळा आला तरी आणखी एक फेरी कराच. मग कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट वरच्या वीतभर थरात मिसळा, कारण हिची बहुतेक मुळं तिथेच असतात. मातीचा सामू, म्हणजे आम्लता मोजणारा पीएच आकडा, साडेपाच ते साडेसहाच्या दरम्यान हवा. पाणी साचत असेल तर वाफा उंच करा, नाहीतर मुळं कुजतात.

रोपं 45 सेंटीमीटरवर लावली तर चौरस मीटरला पाचेक पुरतात, उरलेलं रनर भरतात. धीर नसेल तर 30 वर लावा. लावताना खड्ड्यात मातीचा छोटा उंचवटा करून मुळं त्याच्यावर छत्रीसारखी पसरा. मधला कोंब, जिथून घडी घातलेलं कोवळं पान निघतं, तो बरोबर मातीच्या पातळीला हवा. पुरला तर कुजतो, उघडा राहिला तर मुळं सुकतात. लावून झाल्यावर मातीवर पेंढा पसरा, पण कोंबावर येऊ देऊ नका. पहिल्या हंगामातली फुलं खुडून टाकायची. जिवावर येतं, पण रोप लवकर पसरतं.

शेवटी इंग्रजी यू अक्षरासारखे वाकवलेले तारेचे तुकडे मूठभर तयार ठेवा. रनरवर सहसा एक पेर सोडून दुसऱ्या पेरावर पिल्लू, म्हणजे नवं छोटं रोप, येतं. मोकळी जागा दिसेल तिथला पेंढा बाजूला करा, ते पिल्लू ओल्या मातीला टेकवा आणि तारेनं दाबा. महिना-दीड महिन्यानं हलकं ओढून बघा. हलत नसेल तर तारा काढून पुढच्या पिल्लाला लावा.