जिप्समची खडकाळ जमीन ओळखताना या चुका टाळा

चवथ सरली आणि सड्यावरचं, म्हणजे जांभ्या खडकाच्या पठारावरचं, गवत वाळायला लागलं की आमच्या गोव्यातल्या डिचोलीत जांभ्याची खडी चपलेखाली करकरते. तोच आवाज मी राजस्थानात बिकानेरकडच्या मगऱ्यात, म्हणजे खडीच्या कोरड्या माळावर, ऐकला. मातीचे नमुने घ्यायच्या कामावर गेलो होतो. नजर पोहोचेल तिथवर खडीचा माळ, सेवण गवताचे झुपके, मधूनच एखादी खेजडी आणि चरणाऱ्या मेंढ्या. मनात आलं, ही तर आपलीच जमीन, फक्त इथे पाऊस नाही. पण पाऊस नसल्यामुळे त्या जमिनीत किती फरक पडतो, ते खड्डा खणल्यावर कळलं.

हातभर खाली एक दगड उपटून उलटा केला. वरची बाजू स्वच्छ होती. खालच्या बाजूला पांढऱ्या बारीक स्फटिकांची दाढी लोंबत होती. ते जिप्सम, म्हणजे कॅल्शियमचं एक मऊ खनिज. जांभ्याच्या खडीला असं काही चिकटलेलं मी कधीच पाहिलं नव्हतं. पाऊस झिरपतो तेव्हा पाण्यात विरघळलेलं जिप्सम घेऊन खाली उतरतो. दगडाच्या बुडाशी थोडं पाणी अडकतं, तिथेच सुकतं आणि जिप्सम मागे ठेवून जातं. शेकडो वर्षं असंच चाललं की दाढी वाढते.

खडी दिसली म्हणून जांभा समजू नका

एक लिटर पाण्यात साधारण २ ग्रॅम जिप्सम विरघळतं. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे एका चौरस मीटरवर ३००० लिटर पाणी. ते सगळं मुरलं तर त्या एवढ्याशा तुकड्यातून ६ किलो जिप्सम वाहून जाईल. म्हणून आपल्या सड्यावर कॅल्शियम टिकत नाही. मागे उरतात लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइड, आणि जमीन आम्लधर्मी होते. बिकानेर-जैसलमेरच्या पट्ट्यात वर्षाला २०० ते ३०० मिलिमीटर पाऊस, त्यातलाही बराचसा वाफ होऊन जातो. तिथे जिप्समला खाली वाहून न्यायला पाणीच पुरत नाही, ते वाटेतच थांबतं.

गंमत म्हणजे दोन्हीकडे पिकाला स्फुरद (फॉस्फरस) कमी पडतं. इथे ते लोह-ॲल्युमिनियम अडवून धरतं, तिथे कॅल्शियम. तक्रार एकच असली तरी उपाय वेगळे, म्हणून एकीकडचा सल्ला उचलून दुसरीकडे लावू नका.

पांढरं दिसलं की चुना म्हणू नका

ही चूक शिकलेली माणसंही करतात. जिप्सम नखाने खरवडलं जातं, चुनखडीवर नखाचा ओरखडा उठत नाही. दुसरी परीक्षा सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाची. थेंब टाकला की चुनखडी फसफसते, जिप्सम गप्प राहतं. मात्र फसफसलं म्हणून जिप्सम नाहीच, असं ठरवून मोकळं होऊ नका, कारण कोरड्या माळावर दोन्ही एकाच थरात सापडतात. फेस ओसरला की उरलेले चमकते कण नखाने तपासा. पांढऱ्या थराची चव खारट लागली तर ते साधं मीठ. जिप्समला चव जवळजवळ नसतेच.

सड्यावरच्या आम्लतेवर जिप्सम टाकू नका

आमच्या शेजारच्या भाऊंनी दोन वर्षं काजूच्या बुंध्याभोवती जिप्सम टाकलं. कुणीतरी सांगितलं होतं, "जिप्सम म्हणजे चुनाच, फक्त स्वस्त." माती पुन्हा तपासली तर सामू (pH, आम्लतेचं माप) होता तिथेच. भाऊ हिरमुसले, आणि मला त्यांच्या पैशांचं खरंच वाईट वाटलं.

जिप्सम हे कॅल्शियमचं सल्फेट. ते आम्ल मारत नाही. आम्ल मारतं ते कार्बोनेट, म्हणजे चुनखडीची भुकटी, डोलोमाइट किंवा शिंपल्यांची पूड. सामू वाढवायचा असेल तर यातलंच काही घ्या, आणि माती तपासणीच्या अहवालात सांगितलेल्या मात्रेनेच घ्या. जिप्सम आपल्याकडे निरुपयोगी आहे असं मात्र नाही. भुईमुगाच्या आऱ्या जमिनीत शिरतात तेव्हा शेंग भरायला कॅल्शियम आणि गंधक लागतं, ते जिप्सममधून मिळतं. आम्लधर्मी जमिनीच्या खालच्या थरात ॲल्युमिनियमचा मुळांना होणारा त्रासही ते कमी करतं. पण सामू वाढवणं हे त्याचं काम नव्हे.

खाजनातही, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतातही, हाच घोटाळा होतो. "खारट झालंय, जिप्सम टाका" हा सल्ला उत्तरेतल्या चोपण जमिनींचा आहे. त्या जमिनींत सोडियम मातीच्या कणांना धरून बसलेलं असतं आणि त्याला हटवायला कॅल्शियम लागतं. आपल्या खाजनात खारं पाणी भरतीबरोबर आत येतं. आधी बांधाची भगदाडं बुजवा, मानशीची (बांधातल्या पाण्याच्या वाटेची) दारं नीट बसतात का ते बघा. मीठ धुऊन काढायचं बरंचसं काम जून-जुलैचा पाऊस करतो.

नमुना घेताना आणि तपासताना

पिशवीत माती भरताना दगड वेचून फेकून देऊ नका, निदान त्यांचं वजन तरी लिहून ठेवा. प्रयोगशाळा २ मिलिमीटरच्या चाळणीखालची माती तपासते. जमिनीत वजनाने अर्धे दगड असतील तर अहवालातले आकडे उरलेल्या अर्ध्याचेच असतात. ती जमीन पाणीही जवळपास तेवढंच कमी धरते. हे सड्यालाही लागू, मगऱ्यालाही.

जिप्समच्या मातीत आणखी एक फसवणूक आहे. ओलावा मोजायला आपण माती १०५ अंशांवर भट्टीत सुकवतो. जिप्समच्या वजनाचा सुमारे पाचवा भाग म्हणजे स्फटिकात बांधलेलं पाणी, आणि त्या तापमानाला तेही उडू लागतं. १०० ग्रॅम मातीत ३० ग्रॅम जिप्सम असेल तर ६ ग्रॅमपर्यंत खोटा ओलावा दिसतो. तेवढ्यावर कुणी पिकाचं गणित बांधलं तर झाड तहानेलंच राहील. अशी माती ४० ते ६० अंशांवर सावकाश सुकवावी.

क्षारतेचंही तसंच. माती पाच पट पाण्यात कालवून विद्युतवाहकता मोजली की जादा पाण्यात जादा जिप्सम विरघळतं, आकडा फुगतो आणि जमीन विनाकारण खारट ठरते. संपृक्त अर्काचा, म्हणजे माती पुरती भिजेल एवढ्याच पाण्यातून काढलेल्या अर्काचा, आकडा मागा.

पाणी आणि बांधकाम

आपण चिऱ्याचा पाया घालतो आणि निर्धास्त होतो. जिप्समच्या जमिनीत तसं चालत नाही. मातीतलं सल्फेट साध्या सिमेंटशी रासायनिक क्रिया करतं, काँक्रीट फुगतं आणि तडकतं. तिथे सल्फेटला दाद न देणारं सिमेंटच वापरावं.

त्याहून मोठा धोका झिरपणाऱ्या पाण्याचा. अस्तर नसलेल्या तळ्यातून दिवसाला १०,००० लिटर पाणी मुरत असेल, तर ते रोज २० किलोपर्यंत जिप्सम विरघळवून नेऊ शकतं. जमीन आतून पोकळ होत जाते, आणि एक दिवस तळ्याचा काठ खचतो किंवा पाटाखाली भोक पडतं. म्हणून तळ्याला आधी अस्तर घाला, मगच पाणी भरा. गळणारा पाइप त्याच दिवशी दुरुस्त करा.

माळावर चालताना खालीही लक्ष असू द्या. जिप्समच्या जमिनीवर ठिकठिकाणी दगडफूल, शेवाळ आणि सूक्ष्मजीवांची पातळ खडबडीत साय असते. ती माती धरून ठेवते, वारा तिला उडवू शकत नाही. गाडीच्या चाकाखाली किंवा एकाच जागी कोंडलेल्या मेंढ्यांच्या खुरांखाली ती चुरडली की भरून यायला वर्षानुवर्षं लागतात. कळप हलता ठेवा, आणि गाडी न्यायचीच असेल तर जुन्या चाकोरीतूनच न्या.