पिच टाकून झाली, आता पळ! पिचरला फिल्डिंग शिकवणाऱ्या नवख्यांसाठी

इंदूरमध्ये पोरांना बेसबॉल शिकवायला घेणार असाल तर एक धरून चाला: समोरचं जवळपास प्रत्येक पोरगं आधी क्रिकेट खेळलेलं असतं. हात चांगला, झेलही पक्का. पण सवय बॉलरची. चेंडू टाकायचा आणि फार तर स्टंपांपाशी थ्रो घ्यायला यायचं. बेसबॉलमध्ये असा मधोमध उभा राहिलेला पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, कुणाच्याच कामाचा नाही.

सुरुवात फर्स्ट बेसच्या कव्हरपासून करा, म्हणजे तिथला फील्डर बॉल उचलायला गेला की पिचरने जाऊन बेस सांभाळायचा. ग्राउंडर (जमिनीवरून घरंगळत जाणारा बॉल) पिचरच्या डावीकडे गेला की निघायचं, कोण उचलतोय हे बघत बसायचं नाही. फर्स्ट बेसमनने स्वतःच बॅग (म्हणजे बेस) गाठली तर बाजूला होता येतं, उशिरा निघालेल्याला मात्र काहीच करता येत नाही. मोठ्या मैदानावर रनरला ९० फूट पळायचं असतं, पिचरला रबरपासून (जिथून पिच टाकतो ती पट्टी) साधारण ६४. हिशेब आपल्या बाजूचा आहे.

तरीही पोरं उशिरा पोहोचतात, आणि मला कितीतरी दिवस याचं कारणच कळेना. बहुतेक ठिकाणी सराव असा होतो: पिचर माउंडवर (पिच टाकायच्या उंचवट्यावर) ताठ उभा, कोच बॉल घरंगळत सोडतो, पोरगं सुसाट पळतं. पालक खूश. सामन्यात तेच पोरगं दोन पावलं मागे! कारण खरी पिच टाकल्यावर सगळं वजन एका पायावर आलेलं असतं, तोल गेलेला असतो, आणि पळायचं असतं ते तिथून. म्हणून आधी पूर्ण अॅक्शनने पिच, ती कॅचरकडे (आपला विकेटकीपरच समजा) पोहोचली की कोचने दुसरा बॉल मारायचा, मग धाव. वेळ जातो, जाऊ द्या. खांदा जपायला वेग अर्धा ठेवा, पण पिच न टाकता एकही धाव नको. डावखुरे थर्डच्या बाजूला झुकतात, त्यांना जास्त सराव लागतो. रील बघून फक्त स्पीडच्या मागे लागलेले 'गुरू' हे कधी सांगत नाहीत.

वाटही सरळ बॅगकडे नको. दहा-पंधरा फूट अलीकडेच होमकडून (बॅटरच्या जागेकडून) फर्स्टकडे जाणाऱ्या लाइनीजवळ यायचं, मग तिला समांतर पळत आधी बॉल घ्यायचा, उजवा पाय बॅगच्या आतल्या कडेला लावायचा आणि मैदानात वळायचं. सरळ धावणारं पोरगं रनरवर आदळतं. इथे चालढकल केलीत तर कुणाचा तरी गुडघा जाईल, स्पष्टच सांगतो. बाकी घाबरू नका, पोरं हे लवकर उचलतात. पावसाळ्यात आपली काळी माती बुटांना धरते, तेव्हा नुसतं चालत करून घ्या.

बॅकअपचं, म्हणजे सुटलेला थ्रो मागे उभं राहून अडवायचं, सोपं आहे. फर्स्टवर रनर आणि आउटफिल्डला सिंगल गेला तर थर्डच्या मागे, सेकंडवर रनर असेल तर होमच्या मागे. कळत नसेल तर दोघांच्या मध्ये, फाउलच्या बाजूला (लाइनीबाहेर) थांबून थ्रो बघायचा. बॅगला चिकटून मात्र नाही, चांगलं तीस-चाळीस फूट मागे, नाहीतर सुटलेला बॉल आपल्यालाही चुकवून जातो.

इनफिल्डवर उंच उडालेल्या बॉलला पिचरने झेल घेणाऱ्याचं नाव ओरडायचं. घरी मराठी, मैदानावर हिंदी असलेल्या आपल्या पोरांना नावाची हाक बरी पडते.

थर्डवर रनर असताना बॉल कॅचरच्या मागे सुटला तर पिचर थेट होमवर. हातात बॉल नसताना प्लेट (होमचा बेस) अडवू देऊ नका. रनरची वाट मोकळी ठेवून कॅचरला ग्लोव्ह दिसेल असा उभा करा.