लिथुआनियाची शेती समजून घ्यायचीय? आधी माती बघा

बाल्टिक देश म्हणजे सगळं सपाट, असं वाचून लोक पुढे जातात. लिथुआनियातली सगळ्यात उंच टेकडी औक्श्तोयस, ती पण 294 मीटरच्या आतच, हे खरंय. पण माती मात्र भागाभागात बदलते आणि पिकांचं सगळं गणित तिथेच आहे. हिमयुगातल्या बर्फाने जाताना कुठे चिकणमाती सोडली, कुठे वाळू, कुठे नुसते तलाव.

तर सॅटेलाइट मॅप उघडा आणि सुरुवात मधल्या सखल पट्ट्यापासून करा. उत्तरेला योनिश्किस, पास्वालीसकडे झूम केलंत की मोठमोठी चौकोनी शेतं दिसतील, ही देशातली सगळ्यात कसदार जमीन, इथे गहू, रेपसीड (मोहरीच्या कुळातलं तेलबियांचं पीक), शुगरबीट (साखरेसाठीचं बीट). मग आग्नेयेला द्झूकियात या, लगेच पाइनची जंगलं सुरू होतात कारण खाली वाळू आहे, तिथे राय (गव्हासारखं धान्य) नाहीतर बकव्हीट (कुट्टू) घेतात आणि जंगलातली मशरूम हा लोकांच्या कमाईचा भाग आहे.

आता पाण्याचं बघा, हे बरेच जण विसरतात. इथे अडचण दुष्काळापेक्षा जास्त पाण्याची, पाऊस पडतो तेवढं बाष्पीभवन होत नाही, म्हणून शेताखाली मातीचे पाइप पुरून पाणी नाल्यात काढतात. यातलं बरंचसं काम सोव्हिएत काळातलं, ते पाइप तुंबले की वसंतात शेतात डबकी साचतात आणि ट्रॅक्टर आत नेता येत नाही. मॅपवर सरळ रेषेत जाणारे ओढे दिसले तर ते बहुतेक ह्याच कामात सरळ केलेले.

उत्तरेतल्या बिर्झाय गावाजवळ झूम केल्याशिवाय मॅप बंद करू नका! जमिनीखालचं जिप्सम पाण्यात विरघळतं आणि वरची जमीन खचून गोल खड्डे पडतात, किर्किलायला तर त्यांची तळीच झालीत. खत तिथून सरळ भूजलात उतरतं, म्हणून तिथल्या शेतीवर निर्बंध आहेत आणि मला ते अगदी योग्य वाटतात.

शेवटी कॅलेंडर. हिवाळी गहू सप्टेंबरात पेरतात, तो थंडीभर बर्फाखाली राहतो आणि जुलै-ऑगस्टमध्ये कापणी. मे महिन्यातले फोटो बघितले तर पिवळंधमक दिसेल ते रेपसीड. धान्य निर्यातीला निघालं की क्लायपेदा बंदरात जातं, ते हिवाळ्यातही गोठत नाही. तिथून थोडं दक्षिणेला नेमुनस नदीचा त्रिभुज प्रदेश आहे, रुस्नेच्या आजूबाजूला वसंतात पूर येतो म्हणून धान्यापेक्षा गवताची कुरणंच जास्त.