रेडिएशनच्या काळातला थकवा: वेळापत्रक आधी आखा

स्तनाच्या कर्करोगावर शस्त्रक्रियेनंतर रेडिएशन, म्हणजे बोलण्यात ज्याला ‘लाइट घेणे’ म्हणतात ते, सुरू झाल्यावर पहिला आठवडा बहुतेक बायकांना विशेष काही जाणवत नाही. थकवा साधारणपणे दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सुरू होतो, हळूहळू वाढतो, उपचार संपताना किंवा संपल्यावर एक-दोन आठवड्यांनी सर्वांत जास्त होतो आणि त्यानंतर काही आठवड्यांत ते काही महिन्यांत उतरतो. हा क्रम घरातल्या सगळ्यांना आधीपासून ठाऊक असावा, कारण शेवटचे सिटिंग, म्हणजे किरण घेण्याची शेवटची खेप, झाले की ‘आता सुटलीस’ म्हणत चूल, गोठा आणि भांगलण पुन्हा तिच्याच गळ्यात पडतात, आणि नेमके तेच दिवस सर्वांत जड असतात.

म्हणून उपचार सुरू होण्यापूर्वी डॉक्टरांना सिटिंगची संख्या विचारून घ्यावी. सोमवार ते शुक्रवार असे पाच आठवड्यांत 25 किंवा तीन आठवड्यांत 15, असे क्रम सर्वसाधारणपणे असतात. काही निवडक रुग्णांना एका आठवड्यात 5 सिटिंगही देतात, तर काहींना गाठीच्या जागेवर थोडी जादा मात्रा लागते. घरातल्या कॅलेंडरवर शेवटची तारीख लिहावी आणि तिच्या पुढचे तीन आठवडे वेगळ्या रंगाने रंगवावेत. माहेरून आई किंवा बहीण मदतीला येणार असेल, तर पहिल्या आठवड्यात बोलावून तिची रजा संपवण्यापेक्षा त्या रंगवलेल्या दिवसांत बोलवावे.

हा थकवा आळस नव्हे, आणि आजार पसरल्याची खूणही नव्हे. किरणांमुळे झालेल्या दाहाचा आणि पेशींच्या दुरुस्तीचा भार शरीरावर पडतो. आधी केमोथेरपी झाली असेल तर तो अधिक जाणवतो. रात्रभर झोपूनही तो पूर्ण जात नाही, आणि ‘पडून राहा, हलू नकोस’ हा मायेपोटी दिलेला सल्ला इथे उलटा पडतो, कारण दिवसभर अंथरुणावर राहिल्याने स्नायूंतली ताकद घटते आणि रात्रीची झोपही बिघडते. या थकव्यावर सर्वांत भरवशाचा उपाय चालणे हाच आहे. डॉक्टरांची संमती घेऊन सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिनिटांपासून सुरुवात करावी आणि झेपेल तसे वाढवत आठवड्याला एकूण 150 मिनिटांपर्यंत न्यावे. गप्पा मारता येतील, पण गाणे म्हणता येणार नाही, एवढा वेग पुरे. आपल्या बेळगाव जिल्ह्यात खानापूरच्या पावसात बाहेर पडणे शक्य नसेल, तर घरातल्या सोप्यात किंवा पडवीत फेऱ्या माराव्यात. अथणीच्या उन्हाळ्यात सकाळी ऊन चढण्यापूर्वी चालावे. अगदी गळून गेलेल्या दिवशी पाच मिनिटेच चालावे, पण तेवढे चुकवू नये. दुपारची झोप तीन वाजण्यापूर्वी आणि अर्ध्या तासाच्या आत आटोपावी.

आपल्या भागात थकव्याचा मोठा वाटा प्रवासाचा असतो, हे माझे ठाम मत आहे. यंत्राखाली जातात जेमतेम काही मिनिटे, पण खानापूर किंवा चिकोडीहून बेळगावला जाऊन परतण्यात दिवस मोडतो. निपाणीकरांना कोल्हापूर आणि अथणीकरांना मिरज जवळ पडत असेल, तर केंद्र ठरवतानाच याचा विचार व्हावा. जून 2023 पासून कर्नाटकातल्या बायकांना राज्याच्या साध्या सरकारी बसमध्ये ‘शक्ती’ योजनेखाली तिकीट लागत नाही. राज्याबाहेर जाणाऱ्या बसना मात्र ही सवलत नाही. तरीही फुकटच्या गर्दीत तासभर उभे राहणे परवडणारे नाही, म्हणून बस जिथून सुटते त्या स्टँडवरच चढावे आणि रोजची एकच ठरावीक वेळ मागून घ्यावी. शेवटच्या दिवसांत शहरातल्या नातेवाइकांकडे मुक्काम करता आला तर अधिक चांगले. यंत्रातून बाहेरून दिलेल्या किरणांनी रुग्णाच्या अंगात किरणोत्सार राहत नाही. ती नातवाला खुशाल जवळ घेऊ शकते.

रोज संध्याकाळी थकव्याला शून्य ते दहा असा आकडा देऊन वहीत लिहावा. समोरची सिस्टर कन्नड बोलणारी असली तरी आकडा तिला लगेच कळतो. तो चार किंवा त्याहून जास्त राहू लागला, तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता डॉक्टरांना सांगावे, कारण रक्त कमी असणे, थायरॉइड मंदावणे, वेदना, झोपमोड, उदासी ही थकव्यात भर घालणारी कारणे शोधून त्यांवर उपचार करता येतात. लोहाच्या गोळ्या, ताकदीची चूर्णे किंवा जीवनसत्त्वांचे मोठे डोस स्वतःच्या मनाने सुरू करू नयेत.

जेवणात फार अवघड काही नाही: उसळ, डाळ, अंडी, दूध, नाचणीची आंबील, आणि एका मोठ्या ताटाऐवजी थोडे-थोडे चार-पाच वेळा. भेटायला येणारे कुंदा आणि करदंट आणतातच. मधुमेह नसेल तर एखादा तुकडा चालेल, पण त्याने जेवणाची जागा घेऊ नये. कामे मात्र उघडपणे वाटून घ्यावीत. पाण्याच्या घागरी आणि वैरणीचे भारे दुसऱ्याने उचलावेत, कारण काखेतल्या गाठी काढलेल्या बाजूच्या हाताला सूज येण्याचा धोका असतो.

100.4 अंश फॅरेनहाइट किंवा त्याहून जास्त ताप, छातीत दुखणे, बसल्या जागी धाप, चक्कर किंवा एकाच पायाला सूज आली, तर चालणे थांबवून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. उपचार संपल्यानंतरच्या काही महिन्यांत कोरडा खोकला आणि धाप सुरू झाली, तर ती थकव्यावर ढकलू नये. किरणांमुळे फुप्फुसाला दाह झाला आहे का, हे तपासावे लागते. कर्करोग परत येऊ नये म्हणून दिलेली हार्मोनची गोळी सुरू असेल आणि तिनेच गळाल्यासारखे होते असे वाटले, तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती बंद करू नये. तीन महिन्यांनंतरही रोजची कामे जमत नसतील, तर ती वही घेऊन पुन्हा त्याच डॉक्टरांकडे जावे आणि हिमोग्लोबिन व थायरॉइडच्या तपासणीबद्दल विचारावे.